बगळा आणि बगळ्याचे फूल



काही दिवसांपूर्वी एका स्नेह्यांच्या घरी गेलो असता त्यांच्या सात-आठ वर्षांच्या नातीने एक रंगीत छायाचित्र माझ्यापुढे धरले आणि विचारले, "आजोबा, सांगा पाहू, हे काय आहे?" गर्द हिरव्या पार्श्वभूमीवर एक शुभ्र पाखरू दोन्ही पंख पसरून अधांतरी तरंगत होते. पंखांच्या कडांची पिसे वाऱ्याने विस्कटावीत तशी सुटी झाली होती. मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "बगळा!" मुलगी टाळ्या पिटून हसली आणि म्हणाली, "चुकलात. हे फूल आहे."

ते खरोखरच फूल होते. जपानातील पाणथळ माळांवर उगवणाऱ्या एका रानटी ऑर्किडचे, म्हणजे आपल्या भाषेत सांगावयाचे तर आमरीच्या जातीचे, ते फूल होते. जपानी लोक त्याला 'सागिसो' म्हणतात. 'सागि' म्हणजे बगळा आणि 'सो' म्हणजे रोप किंवा तृण. माझी जी फसगत झाली, तीच शेकडो वर्षांपूर्वी जपानी खेडुतांची झाली असली पाहिजे. फरक इतकाच, की त्यांनी आपल्या चुकीचे एक सुंदर नाव करून ठेवले.

आज या दोघांविषयी, त्या बगळ्याविषयी आणि त्या फुलाविषयी, आपणांशी चार गोष्टी बोलावयाच्या आहेत. दोघे एकमेकांसारखे दिसतात, हे तर उघडच आहे. पण का दिसतात? निसर्गाने एकाची नक्कल दुसऱ्यात केली आहे काय? आणि एवढे साम्य असताना दोघांच्या नशिबात साम्य किती आणि भेद किती? शेवटचा प्रश्न माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे; पण तेथे पोहोचण्यासाठी दोघांचीही थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे.

प्रथम बगळा. तो आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. गुरांच्या पाठीमागून चालणारा गायबगळा, तळ्याकाठी पंख मिटून बसला असता मातकट दिसणारी आणि उडाली की एकाएकी पांढरी होणारी ढोकरी, आणि पाण्यात गुडघाभर उभा राहून ध्यान लावणारा शुभ्र बगळा, ही सगळी एकाच कुळातील मंडळी. यांपैकी आपल्या गोष्टीचा नायक आहे छोटा बगळा. काळी चोच, काळे पाय आणि पावले मात्र पिवळीधमक, जणू कोणी पिवळे मोजे चढविले आहेत, हा त्याचा ओळखीचा शिक्का. ही पिवळी पावले केवळ शोभेची नव्हेत. उथळ पाण्यात उभे राहून तो एक पाऊल चिखलात थरथरवितो. त्या हालचालीने दडून बसलेली मासळी आणि बेडकांची पिले बिचकून बाहेर पडतात आणि वरून चोच खाली येते. ज्याला आपण बकध्यान म्हणून नावे ठेवतो, ते ध्यान नसून श्रम आहेत. ढोंगाचा आरोप आपण त्याच्यावर केला. त्याला त्याचा पत्ताही नाही.

हा बगळा उडताना पाहिला आहे ना? करकोचा किंवा सारस उडतो तेव्हा मान पुढे ताणून उडतो. बगळ्याचे तसे नाही. तो मान आखडून खांद्यांत घेतो आणि पाय मात्र मागे सरळ ताणतो. त्यामुळे उडता बगळा म्हणजे मुख्यत्वे दोन रुंद पंख आणि मागे लांबलेली एक बारीक रेघ, असा आकार डोळ्यांत भरतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी. फुलाकडे वळल्यावर तिचा उपयोग होईल.

विणीच्या हंगामात छोट्या बगळ्याच्या अंगावर एक वेगळाच साज चढतो. मानेमागून दोन लांब, नाजूक तुरे लोंबू लागतात आणि पाठीवर व छातीवर तंतूंसारखी झिरझिरीत पिसे फुटतात. साध्या पिसाचे बारीक तंतू एकमेकांना आकड्यांनी धरून असतात, म्हणून पीस सपाट आणि सलग राहते. या खास पिसांत ते आकडे नसतात. प्रत्येक तंतू सुटा राहतो आणि वाऱ्याच्या झुळकेने हलतो. जोडीदाराला आकर्षून घेण्यासाठी आणि घरट्यावर परतलेल्या सोबत्याचे स्वागत करण्यासाठी बगळा ही पिसे फुलवितो. आपल्याकडे बगळ्यांची वीण बहुतेक ठिकाणी पावसाळ्याशी बांधलेली असते. कालिदासाने हे पाहिले होते. मेघदूतातील यक्ष मेघाला सांगतो, की गर्भाधानाच्या काळाची ओळख असलेल्या बलाका आकाशात माळा करून तुझ्या सेवेला येतील. पक्षिशास्त्राच्या नोंदवहीत शोभावे असे ते निरीक्षण आहे आणि ते एका कवीने प्रणयकाव्यात सहज गुंफून दिले आहे.

आता फूल. सागिसोचे रोप वीत-दीड वीत उंचीचे. त्याला गवतासारखी चिंचोळी पाने. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या सुमारास, त्याच्या सडपातळ दांड्यावर एक, दोन किंवा तीन फुले येतात. प्रत्येक फूल जेमतेम सव्वा इंच रुंदीचे. ऑर्किडच्या फुलात एक पाकळी इतरांहून वेगळी, मोठी व नटलेली असते. शास्त्रज्ञ तिला ओष्ठ म्हणतात. सागिसोच्या ओष्ठाचे तीन भाग असतात. दोन्ही बाजूंचे भाग पंखांसारखे पसरलेले आणि त्यांच्या कडा झालरीसारख्या कातरलेल्या; मधला भाग चिंचोळा, सरळ खाली उतरलेला. मघाशी सांगितलेला उडत्या बगळ्याचा आकार येथे आठवावा. दोन पंख आणि मागे ताणलेल्या पायांची रेघ! फुलाला लांब मान नाही. पण उडत्या बगळ्यालाही ती दिसत नाही. म्हणूनच हे फूल बसलेल्या बगळ्यासारखे न दिसता उडत्या बगळ्यासारखे दिसते. ओष्ठाच्या मागे एक लांब हिरवी नळी लोंबते, तिला शुंडिका म्हणतात. तिच्या तळाशी मकरंद साठलेला असतो.

युरोपीय शास्त्राला या वनस्पतीची ओळख करून दिली ती स्वीडनच्या थुनबर्ग याने. तो १७७५ आणि १७७६ या वर्षी जपानात राहिला होता. त्याने या फुलाला जे लॅटिन विशेषण दिले ते 'रेडिआटा', म्हणजे किरणांसारखे पसरलेले. एकच फूल, जपानी शेतकऱ्याला त्यात बगळा दिसला आणि स्वीडिश पंडिताला किरण दिसले. पुढे हे फूल ज्या गणात घातले गेले त्या हॅबेनारियाचे नाव लगामाच्या वादीवरून पडले आहे. म्हणजे आणखी कोणाला त्या गणात वादी दिसली. फुलात काय दिसावे हे फुलापेक्षा पाहणाऱ्याच्या गावावर, धंद्यावर आणि सवयीवर अधिक अवलंबून असते, असे यावरून म्हणावयास हरकत नाही.

मग हे साम्य खरे की खोटे? येथे थोडे सावधपणे बोलले पाहिजे. ऑर्किडांमध्ये नक्कल नाही असे मुळीच नाही. भूमध्य समुद्राच्या काठच्या प्रदेशांत ऑफ्रिस नावाच्या गणातील आमरी आहेत. त्यांची फुले माशीच्या मादीसारखी दिसतात आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांचा वासही तिच्यासारखा असतो. नर माशी फसतो, फुलावर बसतो आणि परागकण घेऊन दुसऱ्या फुलावर तशीच चूक करावयास जातो. येथे नक्कल आहे, कारण ती पाहणारा आणि हुंगणारा कोणीतरी आहे, आणि त्याच्या फसण्यावर फुलाची पुढची पिढी अवलंबून आहे. ज्या फुलाने अधिक चांगले फसविले त्याला अधिक बिया आल्या. हजारो पिढ्यांनी ती नक्कल बिनचूक केली.

सागिसोच्या बाबतीत हा हिशेब जुळत नाही. बगळा या फुलाकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याला ना मकरंद हवा, ना फूल हवे. फुलावर येतात ते मुख्यतः लांब सोंडेचे मोठे पतंग. त्यांना बगळ्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूचे आकर्षण वाटण्याचे काही कारण नाही. मग ती झालर कशासाठी? फार दिवस असे समजले जाई, की ती केवळ फूल ठळक दिसावे म्हणून असावी. कोबे विद्यापीठातील केंजी सुएत्सुगु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी एक साधा प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध केले. त्यांनी काही फुलांच्या झालरी कातरून टाकल्या आणि काही फुले जशीच्या तशी ठेवली. फळे दोन्हींना धरली. परंतु झालर कातरलेल्या फुलांच्या फळांत निरोगी बियांची संख्या कमी भरली. पतंग मकरंद पिताना बारकाईने पाहिले, तेव्हा त्याचा उलगडा झाला. पतंग अधांतरी पंख फडफडवीत असला तरी मधल्या पायांनी त्या झालरीला धरून स्वतःला सावरतो. म्हणजे आपल्याला जी पिसे वाटतात, ती वस्तुतः पाहुण्यासाठी ठेवलेली पायरी आहे. पतंग नीट टेकला की त्याचे डोके योग्य जागी येते, तेथे परागांची पुडी चिकटते आणि दुसऱ्या फुलाकडे रवाना होते.

तेव्हा बगळ्याची झिरझिरीत पिसे आणि फुलाची झालर यांचा उगम सर्वस्वी निराळा आहे. एक जोडीदाराचे मन वळविण्यासाठी, दुसरी पाहुण्याचे पाय टेकविण्यासाठी. दोघांमधले साम्य हा योगायोग आहे. निसर्गाच्या दप्तरात त्याची नोंद नाही. ती नोंद आपल्या डोळ्यांनी केली आहे.

एका बाबतीत मात्र दोघांचे नाते अनपेक्षितपणे खरे निघते. ती बाब म्हणजे त्यांचा पांढरा रंग. वास्तविक 'पांढरा रंग' असा दोघांतही नाही. पोपटी, पिवळ्या वा तांबड्या वस्तूंत त्या त्या रंगाचे द्रव्य असते. बगळ्याच्या पिसात असे कोणतेही द्रव्य नसते. पिसाच्या पदार्थात हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांवर आदळून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, त्यातील सगळे रंग एकत्र परत येतात आणि डोळ्यांना शुभ्र दिसते. पांढऱ्या पाकळीतही तसेच. पेशींच्या मधल्या जागांत हवा भरलेली असते आणि प्रकाश तिच्यात विखुरतो. दुधाचा फेस, नदीच्या धबधब्याचे तुषार, कापूस आणि मीठ पांढरे दिसतात तेही याच न्यायाने. पांढरी पाकळी बोटांत चुरगळून पाहा; हवा निघून जाते आणि पाकळी पाण्यासारखी निस्तेज होते. पक्षी आणि फूल, दोघांचीही शुभ्रता म्हणजे कोंडलेली हवा आणि विखुरलेला प्रकाश. अशी ही दोघांची भावकी, आणि ती डोळ्यांना दिसणाऱ्या आकाराहून खोल आहे.

दुसरे नाते पाण्याचे. दोघांनाही उथळ पाण्याची, दलदलीची, ओल्या माळाची जमीन लागते. खोल तळे बगळ्याच्या कामाचे नाही, कारण त्याला उभे राहावयाचे असते. सागिसोलाही ओलावा हवा, भरपूर ऊन हवे आणि जमीन मात्र सत्त्वहीन हवी. खताने पुष्ट झालेल्या जमिनीत उंच गवत माजते आणि ते या खुज्या रोपाला झाकून टाकते. ज्या जमिनीला माणूस 'पडीक' म्हणतो, तीच त्यांची सुपीक भूमी.

आणि तिसरे नाते माणसाचे. आता मी त्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो.

तोक्यो शहराच्या सेतागाया विभागात एक लोककथा सांगतात. सोळाव्या शतकात तेथील सरदार किरा योरियासु याच्या अंतःपुरात तोकिवा-हिमे नावाची तरुणी होती. ती जवळच्या ओकुसावा गढीच्या स्वामीची कन्या. सरदाराची तिच्यावर विशेष मर्जी होती, म्हणून इतर स्त्रियांनी तिच्याविषयी खोटेनाटे त्याच्या कानांवर घातले. सरदाराचे मन फिरले. एकाकी पडलेल्या तोकिवाने आपल्या दुःखाची चिठ्ठी माहेरून आणलेल्या पांढऱ्या बगळ्याच्या पायाला बांधली आणि त्याला वडिलांच्या गढीकडे सोडून दिले. बगळा तेथे पोहोचलाच नाही. कोणी म्हणतात, तो शिकारीत मारला गेला आणि ती चिठ्ठी नेमकी सरदाराच्याच हाती पडली; कोणी म्हणतात, तो थकून वाटेतच कोसळला. सरदाराला सत्य उमगले तोवर तोकिवाने प्राण सोडला होता. ज्या जागी बगळा पडला, त्या जागी पुढे बगळ्याच्या आकाराची फुले उमलली. सागिसो हे आज सेतागाया विभागाचे अधिकृत फूल आहे. पश्चिम जपानातील हिमेजी नगराचेही फूल तेच. तेथील भव्य शुभ्र किल्ल्याला लोक 'पांढऱ्या बगळ्याचा किल्ला' म्हणतात.

या कथेत एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. फूल जन्मते ते बगळा मेल्यावर. कथा रचणाऱ्यांना ठाऊक नव्हते, की बगळ्याच्या मरणाचा खरा हंगाम पुढे यावयाचा आहे.

तो आला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. युरोप-अमेरिकेतील स्त्रियांच्या टोप्यांवर पिसे खोवण्याची टूम निघाली आणि सर्वांत अधिक मागणी आली ती बगळ्याच्या विणीतील झिरझिरीत पिसांना. १८८६ साली फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षिप्रेमी तरुणाने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर दोन दुपारी फिरून सातशे टोप्या मोजल्या. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश टोप्यांवर पिसे किंवा अख्खे पक्षी होते. १९०३ च्या सुमारास अमेरिकेत या पिसांच्या एका औंसाला बत्तीस डॉलर मिळत. सोन्याचा भाव तेव्हा एकवीस डॉलरच्याही आत होता. आता विचार करावा, ही पिसे येतात केव्हा? फक्त विणीच्या हंगामात. म्हणजे शिकाऱ्याने बगळा मारावयाचा तो घरट्यावर, पिले अंड्यांतून बाहेर पडलेली असताना. आईबाप पिसांसाठी मेले, पिले भुकेने मेली. एका टोपीच्या तुऱ्यामागे असे दुहेरी मरण असे. आपल्याकडे सिंधमध्ये तर कोळी लोक बगळे पाळून त्यांची पिसे उपटीत आणि विकीत.

याविरुद्ध प्रथम आवाज उठविला तो स्त्रियांनीच, हे सांगितले पाहिजे. १८८९ साली इंग्लंडात मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन या बाईंनी आपल्या मैत्रिणींना जमवून पिसे न वापरण्याची शपथ घेतली. त्या लहानशा मंडळातूनच पुढे तेथील पक्षिसंरक्षणाची मोठी संस्था उभी राहिली. १८९६ साली अमेरिकेत बोस्टन येथे हॅरिएट हेमेनवे आणि मिन्ना हॉल या दोघींनी चहाच्या बैठकी भरवून प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांची मने वळविली. हिंदुस्थानातून पिसांच्या निर्यातीस १९०२ साली बंदी झाली. १९०५ साली फ्लोरिडात गाय ब्रॅडली नावाचा रखवालदार बगळ्यांच्या वसाहतीचे रक्षण करताना गोळीला बळी पडला. इंग्लंडात पिसांची आयात बंद करणारा कायदा १९२१ साली झाला. टोप्यांची टूमही ओसरली. आणि बगळा परतला. इंग्लंडात शतकानुशतके दुर्मिळ असलेल्या छोट्या बगळ्याने १९९६ साली डॉर्सेटच्या किनाऱ्याजवळील ब्राउन्सी बेटावर घरटे बांधले. आज तो तेथील खाड्यांत नित्याचा झाला आहे.

या यशाची गोष्ट ऐकून मनाला समाधान वाटते. पण येथेच पक्षी आणि फूल यांच्या वाटा वेगळ्या होतात.

बगळ्याला मारणे थांबविले, की तो वाचतो. कारण एक तळे आटले तर तो दुसऱ्या तळ्याकडे उडून जाऊ शकतो. भाताच्या खाचरात, मिठागरात, शहराच्या सांडपाण्याच्या ओढ्यातही तो आपले पोट भरतो. फुलाला पंख आहेत ते केवळ आपल्या दृष्टीला. त्याला जाता येत नाही. सागिसोच्या बिया धुळीसारख्या बारीक असतात; त्यांच्यात अन्नाची शिदोरी नसते. जमिनीतील विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच बी रुजते. म्हणजे या रोपाला ओली जमीन हवी, मोकळे ऊन हवे, मातीत ती बुरशी हवी आणि सायंकाळी येणारा पतंग हवा. यांपैकी एक धागा तुटला की सगळे वस्त्र उसवते. जपानच्या सरकारी भूमापनाप्रमाणे गेल्या शतकाच्या आरंभी जेवढ्या पाणथळ जमिनी होत्या, त्यांपैकी सुमारे साठ टक्के जमिनी शतक संपेपर्यंत नाहीशा झाल्या. कोठे शेती झाली, कोठे घरे उठली, कोठे पूर्वी गवत कापणारी माणसे गाव सोडून गेली आणि माळ झुडपांनी भरून गेला. जे उरले त्यातून हौशी लोकांनी रोपे उपटून नेली. जपानच्या पर्यावरण खात्याच्या यादीत हे रोप आता संकटाच्या उंबरठ्यावरच्या जातींत मोडते.

आणि मौज पाहा, की बाजारात मात्र सागिसोला तोटा नाही. त्याचे कंद सहज वाढतात, कुंड्यांतून ते घरोघर फुलते. कोणी म्हणेल, मग चिंता कशाची? फूल तर वाचले! पण कुंडीतले फूल हे वाचलेले फूल नव्हे. कंदापासून वाढविलेली रोपे म्हणजे एकाच रोपाच्या प्रती. गच्चीवरच्या कुंडीभोवती तो माळ नसतो, ती बुरशी नसते आणि बहुधा तो पतंगही नसतो. त्याची झालर पाहुण्याची वाट पाहत राहते. त्या फुलाचा आकार आपण वाचविला. त्याचे जगणे वाचविले नाही. टोपीवरच्या तुऱ्याला बगळा म्हणता येत नाही, तसेच हेही आहे. दोन्ही ठिकाणी आपण आपल्या डोळ्यांना हवे तेवढेच घेतले.

हे सर्व दूरदेशीचे आहे, असे मात्र समजू नये. आपल्या सह्याद्रीत वाघचौरा नावाची एक आमरी आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिला मोठी, शुभ्र, सुगंधी फुले येतात. सागिसोप्रमाणेच तिच्याही ओष्ठाचे बाजूचे भाग झालरीसारखे कातरलेले असतात आणि लांब शुंडिका मागे लोंबत असते. सागिसोची ही सख्खी नसली तरी चुलत बहीण. शास्त्रज्ञ दोघींनाही कित्येकदा एकाच गणात बसवीत आले आहेत. तिच्या नात्यातल्या हॅबेनारिया गणाच्या कित्येक लहान आमरी आपल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, पावसाच्या चार महिन्यांत उगवतात, फुलतात आणि पुन्हा मातीखाली कंद होऊन निजतात. साताऱ्याजवळचे कासचे पठार हे त्यांपैकीच. २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. पण कास म्हणजे एक पठार. ज्या शेकडो सड्यांना असे नाव नाही, ती सरकारी कागदावर अजूनही बहुधा 'पडीक'च आहेत, आणि उन्हाळ्यात पाहणाऱ्याला ती तशीच वाटतात. कंद मातीत निजलेला असताना जमिनीची किंमत ठरविली, तर ती शून्यच भरणार.

लहानपणी आकाशातून बगळ्यांची रांग जाताना दिसली, की आम्ही मुले नखांवर नखे घासून त्यांच्याकडे कवडी मागत असू आणि नखावर पांढरा ठिपका दिसला की बगळ्याने ती दिली असे मानीत असू. तमिळ मुलखातील मुलेही अगदी हाच खेळ खेळतात. मात्र ती बगळ्याकडे कवडी मागत नाहीत, फूल मागतात. नखावरचा पांढरा ठिपका म्हणजे त्यांच्या लेखी बगळ्याने टाकलेले फूल. जपानच्या त्या लोककथेत बगळ्याचे फूल झाले, कावेरीकाठच्या मुलांनी बगळ्याकडे फूल मागितले, आणि कालिदासाला बगळ्यांची रांग माळेसारखी दिसली. पक्षी आणि फूल यांची सांगड घालण्याची ओढ माणसाच्या मनात किती खोल असली पाहिजे!

ती ओढ वाईट नाही. निसर्गाच्या दप्तरात हे साम्य नोंदलेले नाही, असे मी मघाशी म्हणालो. ते आपल्या डोळ्यांनी निर्माण केले, म्हणून त्याची जबाबदारीही आपल्यावरच येते. याच डोळ्यांनी बगळ्याच्या पिसांत टोपीचा तुरा पाहिला आणि लक्षावधी पक्षी मारले. याच डोळ्यांनी नंतर त्या तुऱ्यात घरट्यावरची उपाशी पिले पाहिली आणि ती टोपी उतरवून ठेवली. फुलाच्या बाबतीत ही दुसरी दृष्टी अजून यावयाची आहे. फूल पाहताना त्याच्या पायाखालची ओली जमीन दिसणे, ती दृष्टी म्हणजे हेच.

त्या मुलीने मला चित्र परत मागितले, तेव्हा मी तिला विचारले, "हे फूल कोठे राहते, ठाऊक आहे का?" ती म्हणाली, "चिखलात." मी म्हणालो, "आणि बगळा?" क्षणभर थांबून ती म्हणाली, "तोही चिखलातच की!" मला वाटते, हा सारा विषय तिने माझ्याआधीच पुरता जाणला होता.